माटुंगा ते हिंदमाता

आमच्या सासूबाईंनी एक शब्द खास माझ्यासाठी राखून ठेवला आहे. 'अर्धवट.' दुसऱ्या कोणासाठी तो वापरलेला मी तरी ऐकलेला नाही. पाहुणे आले, चहा झाला, की त्या बसल्या जागेवरून माझी अर्धवट कामं दाखवायला घेतात. ती कोपऱ्यातली पेटी. तीन परीक्षा दिल्या, चौथीला बसली नाही. कपाटावरच्या पिशवीत लेकीसाठी विणायला घेतलेला स्वेटर. एक बाही झाली, दुसरी व्हायच्या आत लेक कॉलेजात गेली. एम. ए.चं पहिलं वर्ष. दादरच्या तलावातलं पोहणं. "पाण्यात पडली, पण पलीकडे गेली नाय," हे त्या इतक्या गंभीरपणे सांगतात की पाहुण्याला वाटतं, मी अजून तिथेच आहे. यातलं एक अक्षर खोटं नाही, हाच तर माझा संताप. माणूस खोटं बोललं तर भांडता तरी येतं.

माझं म्हणणं एवढंच, की त्यांच्या मुलाने उभ्या जन्मात काही सुरूच केलं नाही, म्हणून त्याचं काही अर्धवट राहिलं नाही. हे मी एकदा बोलून दाखवलं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "तां बरा. पसारो तरी नाय."

सायकल मुळात लेकीची. तिने ती हौसेने घ्यायला लावली, थोडे दिवस चालवली आणि सोडून दिली. याला आमच्या घरात अर्धवट म्हणत नाहीत, अभ्यास वाढला म्हणतात. मग लालबागच्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली धूळ खात पडलेली ती सायकल मीच पुसून काढली आणि दादरला शाळेच्या ऑफिसात जायला वापरू लागले. वय पन्नाशीपार. हेल्मेट घालून मी खाली उतरले की वॉचमन उभा राहायचा, हा मान होता की भीती, ते मला अजून कळलेलं नाही.

जाता-येता परळच्या मोठ्या हॉस्पिटलचा रस्ता लागतो. तिथल्या फुटपाथवर पेशंटची माणसं राहतात. राहतात म्हणजे अक्षरशः राहतात. झाडाला रिपोर्टच्या पिशव्या टांगलेल्या, कठड्यावर साड्या वाळत घातलेल्या. एकदा एका बाईने मला थांबवून विचारलं, "ताई, इथं लिंबू कुठं भेटंल? मालकाच्या तोंडाला चव नाही." मी तिला लिंबं आणून दिली आणि शाळेत जाऊन दिवसभर उगाच सगळ्यांवर खेकसले. इतक्या वर्षांत मी या माणसांकडे पाहिलंच नव्हतं, सिग्नल बघतात तेवढंच पाहिलं होतं. त्याच भागात एका गल्लीत एक छोटी संस्था त्यांना रोज संध्याकाळी जेवण वाढते. शनिवारी मी तिथे वाढायला जाऊ लागले. दर शनिवारी रांगेतल्या शेवटच्या काहींना पाव आणि चहावर परत पाठवावं लागे, आणि ते काम नेमकं माझ्या वाट्याला येई.

संक्रांतीनंतर बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू होतं. सगळ्या बायका जमलेल्या, हातात वाण, तोंडात तिळगूळ. मी उभी राहिले आणि जाहीर करून टाकलं, की मी आमच्या गावाहून, म्हणजे कणकवलीच्या पुढून, परळपर्यंत सायकल चालवत येणार. जितके किलोमीटर, तितकी ताटं. प्रत्येक घराने आपापले किलोमीटर घ्यायचे आणि तेवढी जेवणं संस्थेला द्यायची. मग बायकांनी भराभर नावं सांगितली. कोणी राजापूर ते लांजा घेतलं, कोणी चिपळूण घेतलं कारण तिचं माहेर चिपळूणचं, आणि परशुराम घाटावरून दोघींचं किंचित वाजलं.

तेवढ्यात सेक्रेटरीच्या बायकोने विचारलं, "पण तू सगळं सायकलनेच आलीस, हे कशावरून?"

"मोबाइलवर अ‍ॅप असतं. दिसतं त्यात."

"अ‍ॅपचं काय घेऊन बसलीस! माझा भाऊ रिक्षात बसून पावलं मोजतो."

मग आमच्या समोरच्या वहिनींनी तोडगा काढला. "सासूबाईंना घेऊन जा ना गाडीतून. त्या सांगतील ते खरं." आणि सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. कारण उघड होतं. आपल्या सुनेच्या बाजूने सासू खोटं बोलेल, यावर त्या खोलीत एकीचाही विश्वास नव्हता.

सासूबाई खुर्चीत बसून ऐकत होत्या. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "मी खोटा सांगूचंय नाय. चालवल्यान तर चालवल्यान, ढकलल्यान तर ढकलल्यान. आणि ढकललेला धरूचा नाय."

अशी आमची मोहीम ठरली. नवऱ्याने त्याच्या मावसभावाची सात सीटांची गाडी मागून आणली. गाडी तो चालवणार, लेक फोन आणि नकाशा सांभाळणार, सासूबाई पंच. गाडीत माझे जादा टायर, ट्यूब, पंप, औषधं, पाण्याचे कॅन. ड्रायव्हरशेजारची सीट माझ्यासाठी ठेवलेली, अडीअडचणीला. निघताना मला गहिवरून आलं. अख्खं कुटुंब माझ्या पाठीशी होतं.

गावात पोचलो आणि मी एक गोष्ट विसरले होते ते ध्यानात आलं. गावाहून मुंबईला कोणी रिकाम्या हाताने जात नाही, आणि गाडी असेल तर मुळीच नाही. मुंबईला गाडी जाणार ही बातमी वाडीत पसरायला फोन लागत नाही. सकाळी मी अंगणात चेन पुसत होते, तर पाणंदीतून माणसं येताना दिसली. प्रत्येकाच्या हातात पिशवी आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य. "मुंबईक जातास मां? एवढीशीच पिशवी आसा." उकडे तांदूळ आले, कुळथाचं पीठ आलं, सोलं आली, नारळ तर पोत्यानेच आले. माझगावच्या कोणाच्या तरी पुतण्यासाठी सुके बांगडे. ठाकूरद्वारच्या भाचीसाठी सुरंगीचं रोप, तिची गॅलरी केवढी आहे याची चौकशी कोणी केलेली दिसली नाही. आणि शेवटी दोन गड्यांनी उचलून आणलेला एक पाटा. दगडी, वरवंट्यासकट. सासूबाईंची चुलतबहीण गिरगावात राहते, मिक्सरचं वाटण तिच्या घशाखाली उतरत नाही, आणि माहेरचा पाटा मिळाल्याशिवाय आपण सुखाने मरणार नाही, असं तिने कळवलं होतं.

"आई, ही माझी मदतीची गाडी आहे," मी म्हटलं. "टेम्पो नाही."

"मगे? मदतच चल्ली हा."

"आणि मी कुठे बसू, वेळ आली तर?"

सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मीच काहीतरी भलतं बोलले. "तू कित्याक बसतलंस? तू सायकलीर ना? सीट रिकामी जाता ती!"

पाटा माझ्या सीटवर बसला. गाडी सुरू केल्यावर ती टुंग टुंग वाजायला लागली, थांबेचना. सीटवर वजन आहे म्हणजे माणूस आहे, असं गाडीने धरलं होतं. शेवटी नवऱ्याने पाट्याला पट्टा लावला, तेव्हा ती गप्प झाली.

मी निघाले. पुढे मी, मागे गाडी, गाडीच्या खिडकीत सासूबाई. सुरुवातीचे दोन दिवस मी स्वतःवर खूश होते. थंड हवा, झोकदार रस्ता, काजूला मोहोर. पण सासूबाईंनी पिशव्यांचं वृत्त वाटेतल्या सगळ्या नातेवाइकांना कळवलं होतं, आणि नातेवाईक हायवेवर येऊन उभे राहू लागले. लांज्याला त्यांची आतेबहीण सुनेला घेऊन थांबलेली. उतार लागलेला, मी वेगात येतेय, तर ही बाई रस्त्याच्या कडेला तबक घेऊन. थांबावं लागलं. "हेल्मेट काढ गो, कुंकू लावूचा हा." मी हेल्मेट काढलं, कुंकू लागलं, आणि सायकलिंगच्या त्या घट्ट कपड्यांवरून ओढणी पसरून माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. ट्रकवाले हॉर्न मारून जात होते. एकाने तर गाडी हळू करून हात जोडले. मग आतेबहिणीच्या सुनेने पाठीमागे लपवलेली पिशवी पुढे केली. "परळात माझो भाव आसा..."

संगमेश्वरला तेच, चिपळूणला तेच. प्रत्येक थांब्याला गाडी जरा खाली बसे आणि माझी ट्यूब पिशव्यांच्या खाली आणखी एक थर जाई. परशुराम घाटात मी दात-ओठ खात चढत होते, तेव्हा मागून खिडकीतून सूचना चालूच. "उतरा नको हां! ढकला नको! बगतंय मी!" लेकीचा आवाज यायचा, "आजी, चिल ना, तिला डिस्टर्ब होतंय." मी न उतरता घाट चढले. जिद्दीने चढले असं म्हणायला आवडलं असतं, पण खरं म्हणजे त्या आवाजापासून लांब जायला चढले.

माणगावच्या अलीकडे मात्र माझं अवसान संपलं. ऊन तापलेलं, रस्त्याचं काम चालू, धुळीने तोंड भरलेलं. उजव्या पोटरीत असा गोळा आला की मी सायकल आडवी टाकून दगडावर बसले. गाडी थांबली. नवरा धावत आला.

"अहो, बस झालं. नाही होत माझ्याच्याने. मला गाडीत घ्या."

तो जागेवरच उभा राहिला. मग मान वळवून त्याने गाडीकडे पाहिलं. मीही पाहिलं. मागच्या काचेला नारळ टेकलेले, खिडकीतून सुरंगीची फांदी बाहेर आलेली, पुढच्या सीटवर पट्टा लावून पाटा. लेक मधल्या सीटवर मांडीत तांदळाचं गाठोडं घेऊन बसली होती.

"अगं," तो चाचरत म्हणाला, "जागा नाहीये."

"मम्मी, डिकी पण फुल आहे," लेक आतून म्हणाली. "सीरियसली. सायकलचं चाकसुद्धा नाही जाणार."

सासूबाईंनी खिडकीतून मीठ घातलेलं कोकमाचं पाणी पुढे केलं. "पी. पाट्यार बसतलंस काय?"

मी अशी चिडले, की माझा आवाज रस्त्याचं काम करणाऱ्या माणसांनी काम थांबवून ऐकला. माहेर काढलं, सासर काढलं, पाटा काढला. सगळं बोलून झालं, कोकम पिऊन झालं, आणि पोटरीतला गोळाही कधी गेला कळलं नाही. हरायची माझी पूर्ण तयारी होती. हरायला जागा नव्हती. म्हणून मी सायकल उचलली आणि निघाले.

शेवटच्या दिवशी पनवेलहून निघाले तेव्हा पाय माझे राहिले नव्हते, पण मन हलकं झालं होतं. वाशीचा पूल ओलांडला, मानखुर्द, चेंबूर. संस्थेचा फोन येऊन गेला, की गल्लीच्या तोंडाशी बॅनर लावलाय, हार आणलाय, जेवणाच्या वेळेआधी या. शीवला सासूबाईंनी गाडी माझ्या बाजूला घ्यायला लावली. "आम्ही पुढे जातंव. आता काय, मुंबई इली. हंय तू रोजच चालवतंस." मला त्यात कौतुक ऐकू आलं. त्या पुढे जाऊन माझ्या स्वागताची तयारी बघणार, असं मी समजून चालले.

माटुंग्याच्या सर्कलपाशी मागचं चाक बसलं. पंक्चर नव्हतं, टायरच फाटला होता. समोर एक स्कूटरचे टायर काढणारा बसला होता. त्याने माझं चाक बोटाने दाबून पाहिलं आणि मान हलवली. "इतना पतला अपने पास नहीं मिलेगा, मॅडम." मी नवऱ्याला फोन लावला.

"माटुंग्याला टायर गेला. टायर-ट्यूब घेऊन मागे या."

"अगं, आम्ही हिंदमाताच्या पुलाखाली आहोत. गाडी काढताच येणार नाही. माणसंच एवढी जमलीत, काय सांगू तुला! तूच ये ना पुढे."

माणसं जमलीत! मी फोन खिशात टाकला आणि सायकल हाताने धरून चालू लागले. दादर टीटीच्या गर्दीतून चालताना माझ्या डोळ्यांसमोर ती जमलेली माणसं येत होती. माझ्यासाठी कोणी पुलाखाली ताटकळत उभं आहे, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच होत होतं. केस नीट केले. हेल्मेटमुळे कपाळावर पडलेला वळ रुमालाने पुसायचाही प्रयत्न केला.

आणि खरंच, पुलाखाली ही गर्दी. गिरगावची, माझगावची, लालबागची, आमच्या बिल्डिंगमधल्याही चार-पाचजणी. मला बघून कोणीतरी ओरडलं, "आली, आली!" टाळ्या वाजल्या. मला हुंदका फुटला. एक म्हातारी गर्दीतून वाट काढत पुढे आली, तिने माझे दोन्ही गाल हातात धरले, डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आमचो पाटो हाडलास मां?"

तेव्हा मी नीट बघितलं. प्रत्येकाच्या हातात रिकामी पिशवी होती. कोणी ट्रॉली आणली होती. ठाकूरद्वारची भाची टॅक्सी थांबवून आली होती आणि टॅक्सीवाला घाई करत होता. सासूबाईंनी वाशीपासून एकेकाला फोन करून हिंदमाताच्या पुलाखाली बोलावलं होतं, कारण ते सगळ्यांना मध्ये पडतं. टाळ्या मला होत्या का? थोड्या होत्या. पण मी पोचल्याशिवाय गाडी उघडायची नाही, असं सासूबाईंनी त्यांना बजावून ठेवलं होतं, आणि ते सगळे तासाभरापासून माझी वाट बघत उभे होते.

गाडी उघडली. पुलाखाली बाजार भरला. सासूबाई मध्ये उभ्या राहून नावं पुकारत होत्या आणि पिशव्या हातोहात जात होत्या. बांगडे माझगावला गेले, रोप टॅक्सीत बसलं, पाट्याचा पट्टा सोडून तो चौघांनी खाली उतरवला आणि म्हातारीने त्याला हात लावून नमस्कार केला. सगळ्यात तळाशी माझा टायर, ट्यूब आणि पंप सापडले, उकड्या तांदळाने माखलेले. नवऱ्याने चाक बसवलं. आमच्या बिल्डिंगमधल्या वहिनी म्हणाल्या, "झालंच की आता. परळ तर दिसतंय इथून. चल, आम्ही पण येतो संस्थेपर्यंत, फोटो काढू." मी पेडलवर पाय ठेवला.

"थांब," सासूबाई म्हणाल्या.

सगळे थांबले.

"ही माटुंग्यापासून चालत इली हा. ता धरूचा नाय."

मला आधी वाटलं, थट्टा आहे. नवरा हसलाही. "आई, सोड ना. तेवढं काय!"

"काकी, जाऊ दे हो," सेक्रेटरीची बायको म्हणाली, जिने सगळ्यात आधी शंका काढली होती तीच. "माटुंगा ते हिंदमाता माझ्याकडेच आहे. माझी काही तक्रार नाही. ताटं मी देणारच आहे."

"तू देशील गो. पण तिना चालवक नाय. आजाऱ्याच्या माणसांक खोट्याचा जेवाण घालूचा नाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढं सगळं कोकण तुडवून आले, घाट चढले, आणि या बाईला माटुंगा दिसतं! आणि माझा टायर कोणाच्या पिशव्यांखाली पुरला गेला होता? हे मी मोठ्याने विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या. म्हणान तर मी पण येतंय. गाडीत घाला ती सायकल. आता जागा आसा."

जागा होती. अख्खी गाडी रिकामी होती. सायकल मागे आडवी गेली आणि मी पहिल्यांदा माझ्या सीटवर बसले. बसले आणि कळलं, की आता उठणं शक्य नाही. पाय लाकडाचे झाले होते. मागे वळून बघितलं तर पुलाखालची माणसं आपापल्या पिशव्या घेऊन पांगत होती. बांगडे घेऊन कोण थांबणार फोटोला? गाडी माटुंग्याकडे रांगत निघाली. मी मनाशी ठरवलं, की सर्कल आलं की म्हणायचं, मला उतरता येत नाही, घरी चला. अर्धवट तर अर्धवट. इतकी वर्षं ऐकलं, आणखी ऐकू.

सर्कलला नवऱ्याने गाडी कडेला घेतली. सासूबाई माझ्या आधी उतरल्या, गुडघे धरत धरत, आणि फुटपाथजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "खंय फुटला टायर?"

"इथेच कुठेतरी."

"कुठेतरी नको. नीट सांग."

मी खिडकीतून टायरवाल्याच्या अलीकडचं गटाराचं झाकण दाखवलं. सासूबाई त्या झाकणापर्यंत चालत गेल्या. तिथे थांबल्या नाहीत. आणखी वीसेक पावलं मागे गेल्या, रहदारीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि मला हाताने बोलावलं. "हंयसून सुरू कर. थोडा जास्तच होऊंदे. उगाच मागाहून कोणी बोलूक नको तुका."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं मला बोलत आल्या त्या एकट्याच. आणि आता भर रस्त्यात साडीचा काष्टा खोचल्यासारख्या उभ्या राहून, मला दुसऱ्या कोणी बोलू नये म्हणून जागा राखत होत्या. मला खूप राग आला आणि त्या रागातच मला त्या आवडल्या. मी पाय हातांनी उचलून गाडीबाहेर ठेवले आणि उतरले.

तो तुकडा मी कसा चालवला ते सांगण्यासारखं काही नाही. दादर टीटीला सिग्नल लागला, पाय टेकला, पुन्हा निघाले. मागे रिकामी गाडी हॉर्न देत होती आणि खिडकीतून आवाज येत होता, "जा! जा! डावीकडसून जा!" हिंदमाताच्या पुलाखाली कोणी नव्हतं, जमिनीवर थोडे उकडे तांदूळ सांडले होते आणि कबुतरं ते टिपत होती.

संस्थेच्या गल्लीत पोचले तेव्हा बॅनर उतरवून घडी करून ठेवला होता. वाढायची वेळ झाली होती, ती काय माझ्यासाठी थांबणार? हार स्वयंपाकघराच्या नळाला अडकवलेला होता. संस्थेचे काका पातेल्यातून डाळ वाढत होते, त्यांनी डाव वर करून मला 'आलात का' अशी खूण केली आणि पुन्हा वाढायला लागले. रांगेतल्या एका म्हाताऱ्या माणसाने माझं चाक जावं म्हणून आपलं ताट उचलून घेतलं आणि सरकून म्हणाला, "बसा, ताई. दमल्यावानी दिसता." मी बसले. माझ्याही पुढे ताट आलं. डाळ, भात, एक भाजी. त्या दिवशी रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत ताट गेलं, पाव कोणालाच द्यावा लागला नाही. मी जेवत होते आणि माझं रडू भातात पडत होतं. शेजारी सासूबाई येऊन बसल्या. डाळीत मीठ कमी आहे म्हणाल्या, आणि सगळं ताट संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला अंथरुणातून उठता येत नव्हतं. बाहेरच्या खोलीत सासूबाई गावी फोनवर बोलत होत्या. फोनवर त्या ओरडूनच बोलतात, गाव लांब आहे म्हणून.

"होय, पावली मां पिशवी सगळ्यांक... ती? इली तर! सायकलीनच इली, पुरी... नाय गो, गाडीत खंय बसतली, गाडीत पाटो होतो... माटुंग्याचासुद्धा सोडूक नाय तिना. परत जावन चालवल्यान."

पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

"अगो, ह्या काय नवीन? पयल्यापासून तशीच ती. एकदा धरल्यान की सोडणा नाय."